कडक जेल का सुधारणारं जेल? ३१ वर्षं आत नोकरी केलेल्या माणसाचं उत्तर

अंबाजोगाईचा एक पोरगा आहे, एमपीएससी करायलाय, त्यानं मला विचारलं की काका, नॉर्वेत म्हणे जेल हॉटेलासारखं असतं, कैद्याला टीव्ही-फ्रीज देतात तरी तिथं गुन्हे कमी, आणि तिकडं मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशानं हजारो पोरं उघडी करून मान खाली घालून एका जेलात कोंबली तर तिथंबी गुन्हे कमी झाले, मग खरं काय धरायचं? आणि आपल्या मराठवाड्यात काय पाहिजे, कडक का नरम? शेवटी हेबी विचारलं की तुरुंगाधिकाऱ्याची पोस्ट निघाली तर फॉर्म भरू का.

प्रश्न चांगलाय म्हणून जरा लांबलचक लिहायलोय, चहा घेऊन बस. मी जेलर ग्रेड टू म्हणून लागलो, मराठवाडा, विदर्भ, मुंबई असं फिरत फिरत ३१ वर्षं काढली आणि आता गावाकडं सोयाबीन बघतो. नॉर्वेला मी गेलेलो नाही. पण तिकडचे रिपोर्ट, कोर्टाचे निकाल, आकडे हे नोकरीतच वाचायची सवय लागली, रात्रपाळीत दुसरं करायचं काय.

आधी नॉर्वे. हाल्डन नावाचं जेल २०१० ला सुरू झालं, त्याचेच फोटो तू बघितले असशील, खिडकीला गज नाहीत, खोलीत बाथरूम, बाहेर झाडं. पण त्या फोटोत भिंत दिसत नाही, ती ६ मीटर उंच आहे आणि आतला माणूस ती ओलांडून जाऊ शकत नाही. तिकडं मानतात की कोर्टानं शिक्षा दिली ती स्वातंत्र्य काढून घ्यायची, बस, त्याच्यावर जेलवाल्यानं आपल्या मनानं अजून शिक्षा जोडायची नाही. बाकी जगणं जमेल तितकं बाहेरच्यासारखं. स्वतःचं स्वतः रांधायचं, कपडे धुवायचे, सकाळी कामाला जायचं. आतला मास्तर, डॉक्टर, लायब्ररीवाला हे जेलचे नोकर नसतात, गावातल्या शाळेचे-दवाखान्याचेच लोक आत येऊन काम करतात. मला विचारशील तर टीव्ही-फ्रीज सोड, सगळ्यात भारी गोष्ट ही, कारण माणूस सुटला की त्याचा डॉक्टर बदलत नाही, मास्तर बदलत नाही, ऑफिस बदलत नाही. आणि तिथल्या गार्डला नोकरीत घ्यायच्या आधी दोन वर्षांचं शिक्षण, त्यात कायदा, मानसशास्त्र, सगळं. जवळपास जितके कैदी तितका स्टाफ. मी एका जेलात असताना रात्री शंभरावर माणसांच्या बराकीला एक शिपाई होता, तोबी डबल ड्युटीचा, त्यानं सुधारणा करायची म्हणजे कुणाची करायची, आधी त्याला झोप पाहिजे.

बास्टॉय म्हणून एक बेट आहे ओस्लोच्या खाडीत, तिथं कैदी मेंढरं राखतात, शेती करतात, फेरीबोट चालवतात. हे सगळे सांगतात. पण त्याच बेटावर १९०० पासून पोरांचं सुधारगृह होतं, नाव सुधारगृह आणि आत मारझोड, १९१५ ला पोरांनी बंड केलं तर ते मोडायला सैन्य आणावं लागलं. बेट तेच, देश तोच. म्हणून कुणी म्हणालं ना की नॉर्वेचे लोकच शांत, त्यांच्या रक्तातच आहे, आपल्याकडं जमणार नाही, तर त्याला हे १९१५ सांगत जा.

आता आकड्यांकडं येऊ, कारण इथं भले भले फसतात आणि एमपीएससीच्या मुलाखतीत तूबी फसशील. सगळीकडं छापून येतं की नॉर्वेत सुटलेल्यांपैकी २० टक्केच परत गुन्हा करतात आणि अमेरिकेत ६८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत पण एका तराजूत बसत नाहीत. नॉर्वेचा आकडा म्हणजे सुटल्यावर दोन वर्षांत नवी शिक्षा झाली ते. अमेरिकेचा म्हणजे तीन वर्षांत नुसती अटक झाली ते, २००५ ला तीस राज्यांत सुटलेल्यांचा. नऊ वर्षं धरली तर तो ८३ वर जातो. अटक आणि शिक्षा यात किती फरक असतो हे आपल्या कुठल्याबी पोलीस स्टेशनला अर्धा दिवस बसलं की कळतं. दुसरं, नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवली, लई जोरात चालवली तरी जेलात टाकतात, म्हणजे त्यांच्या कैद्यांत साधी नोकरीवाली माणसंबी असतात, ती परत कशाला येतील. तेव्हा २० विरुद्ध ६८ हे असं कुणी फेकलं की जरा थांबायचं.

पण म्हणून नॉर्वेचं सगळं खोटं असं नाही. तिथल्या अर्थशास्त्राच्या लोकांनी एक हुशारीचं काम केलं, ते २०२० ला छापून आलं. तिकडं केस कोणत्या जजकडं जाईल हे नशिबावर, आणि काही जज जेल जास्त देतात, काही कमी. म्हणजे एकसारखीच दोन माणसं, एक निव्वळ जज कडक भेटला म्हणून आत गेला, दुसरा बाहेर राहिला. पुढं पाच वर्षं त्यांचा माग काढला तर जो आत गेला त्यानं नंतर गुन्हे कमी केले, आणि हा फरक मुख्यतः त्यांच्यात दिसला जे आधी बेकार होते. आत हाताला काम लागलं, ट्रेनिंग झालं, बाहेर नोकरीला लागले. ज्यांना आधीच नोकरी होती त्यांची मात्र जेलमुळं नोकरी गेली. हे वाचून मी दोन दिवस त्याचाच विचार करत होतो. आपण समजतो जेलात गेला म्हणजे बिघडला. तिथं गेला म्हणून सुधरला, पण जेल तसं होतं म्हणून, आणि माणूस तसा होता म्हणून.

पैसा मात्र लागतो. तिथं एका कैद्यामागं वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास खर्च येतो, आणि तरी अडचणी आहेतच. मधी तर जागा पुरेना म्हणून २०१५ ते २०१८ नॉर्वेनं नेदरलँड्सचं नॉर्गरहावन जेल भाड्यानं घेतलं होतं, २४२ जागा, गार्ड डच आणि वरचा साहेब नॉर्वेचा. नेदरलँड्सकडं तेव्हा कैदीच कमी पडले होते, जेलं रिकामी. आपल्याकडं मंगल कार्यालय भाड्यानं देतात तसं जेल भाड्यानं. आणि कैद्यांना दिवस दिवस एकटं कोंडून ठेवतात म्हणून नॉर्वेच्याच लोकपालानं २०१९ ला त्यांच्या संसदेला खास रिपोर्ट दिला होता. तेव्हा तिथंबी सगळं गोड गोड नाही. तिथली जास्तीत जास्त शिक्षा २१ वर्षं असं लोक सांगतात, तेबी अर्धंच. २०११ ला ज्यानं ७७ माणसं मारली त्याला २१ वर्षांची जी शिक्षा आहे ती मुदत संपली तरी तो धोक्याचा आहे असं कोर्टाला वाटलं तर पाच पाच वर्षं वाढवता येते, मरेपर्यंत. त्यानं २०२२ ला सुटकेचा अर्ज केला, कोर्टानं फेटाळला.

अमेरिकेचं मला नेहमी नवल वाटतं, कारण 'माणूस एकांतात सुधरतो' ही कल्पनाच त्यांची. फिलाडेल्फियाला १८२९ ला एक जेल काढलं, प्रत्येकाला वेगळी खोली, बोलायचं नाही, पश्चात्ताप करायचा. हेतू चांगला होता बघ, लोकं येडी झाली. मधी सायकलच्या आऱ्यासारखी रचना आणि एकेकाला एकेक कोठडी, हेच डोकं पुढं अंदमानच्या सेल्युलर जेलात आलं, तिथं इंग्रजांनी पश्चात्तापाचं नावसुद्धा घेतलं नाही, फक्त कोठड्या घेतल्या आणि जोडीला कोलू. नंतर अमेरिकेत बरीच वर्षं सुधारणेचं वारं होतं. मग १९७४ ला मार्टिन्सन म्हणून एका अभ्यासकाचा लेख आला, त्याचा लोकांनी अर्थ काढला की कशाचाच उपयोग होत नाही, आणि राजकारणी लोकांना तेच पाहिजे होतं. गंमत म्हणजे तो स्वतः काही वर्षांत म्हणाला की माझंच चुकलं, काही गोष्टींचा उपयोग होतो, पण तोवर गाडी निघून गेली होती. १९९४ ला कॅलिफोर्नियानं तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेचा कायदा केला, त्यात एका माणसाला गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या म्हणून २५ वर्षं ते जन्मठेप झाली आणि सुप्रीम कोर्टानं २००३ ला ती कायम ठेवली. काठ्या तीन, वर्षं २५. मग जेलं इतकी भरली की त्याच सुप्रीम कोर्टाला २०११ ला सांगावं लागलं, गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा, कारण माणसं उपचाराविना मरायलीत. २०१२ ला लोकांनी मत देऊन तो कायदा नरम केला, प्रपोजिशन ३६, आणि २०२४ ला लोकांनीच मत देऊन चोरीची शिक्षा परत वाढवली, तिचंबी नाव प्रपोजिशन ३६! मधल्या काळात २०२३ ला सॅन क्वेंटिनसारख्या नावाजलेल्या जेलच्या पाटीवर 'पुनर्वसन केंद्र' लिहिलं. हा झोका असाच चालू राहणार.

एल साल्वादोरचं उत्तर सोपं नाही आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. २०१५ ला तिथं लाखामागं शंभराच्या वर खून होत होते, जगात सगळ्यात वाईट. मार्च २०२२ मधी एका वीकेंडला टोळ्यांनी ८७ माणसं मारली, सरकारनं आणीबाणी लावली, ८० हजारांच्या वर लोक उचलले, २०२३ ला सेकोट नावाचं ४० हजार माणसांचं जेल उघडलं. भेट नाही, मोकळं आकाश नाही, सुटणार नाही असं मंत्रीच सांगतात. आणि खून लाखामागं दोनाच्या आसपास आले. ज्या बाईचं पोरगं टोळीनं नेलं असतं, जी दर महिन्याला खंडणी भरत होती, तिच्यापुढं जाऊन मी मानवाधिकार सांगू शकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घे. एक, खून २०१५ नंतर उतरायलाच लागले होते, सेकोट उघडायच्या लई आधीपासून. दुसरं, तिथल्या अध्यक्षानंच कबूल केलं की आठ हजार निर्दोष लोक सोडावे लागले, आणि एका खटल्यात शेकडो आरोपी एकदम उभे करायला कायद्यानं मुभा दिली. ज्याला कधी सोडायचंच नाही त्याला सुधारायचा प्रश्नच येत नाही, म्हणून हे मॉडेल बघायला सोपं वाटतं. पण त्या देशात शंभरातला दीड माणूस आत आहे. आपल्या बीड जिल्ह्याला हे गणित लाव, लोकसंख्या २६ लाखाच्या आसपास धर, म्हणजे चाळीस हजार माणसं. अख्खा एक तालुक्याचा गाव आत. त्यांच्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना कोण बघणार आणि किती वर्षं?

ज्यांना वाटतं कडक आणि सुधारणा या दोन टोकाच्या गोष्टी, त्यांना मी सिंगापूर सांगतो. तिथं १५ ग्रॅमच्या वर हेरॉइन विकायला आणलं तर फाशी, आणि छड्या तर आजबी मारतात. त्याच देशानं २००४ ला यलो रिबन नावाचं काम काढलं, सुटलेल्या माणसाला नोकरी द्या म्हणून कंपन्या जोडल्या, आतच ट्रेनिंग, शेवटचे काही महिने बाहेर राहून कामाला जायची सोय. १९९८ ला सुटलेल्यांपैकी ४४ टक्के दोन वर्षांत परत आत यायचे, ते उतरत उतरत वीस-बावीसवर आलं. छडी तर आधीबी होती ना? मग फरक कशानं पडला हे तूच बघ. जपान तर आपल्यापेक्षाबी शिस्तीचं, कोठडीत कसं बसायचं, कधी बोलायचं याचे नियम, फाशी अजून आहे. तिथं म्हातारी माणसं दुकानातून खायची वस्तू उचलतात, परत उचलतात, आत यायला, कारण आत जेवण आहे आणि कुणीतरी बोलतं. त्यांनीसुद्धा जून २०२५ पासून सक्तमजुरी आणि साधी कैद हा भेदच काढून टाकला, १९०७ पासून चालत आलेला, आणि आता प्रत्येकाला काय लागतं ते बघून काम किंवा शिक्षण. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टानं तर १९७७ लाच सांगितलं की जन्मठेपवाल्यालाबी कधीतरी सुटायची आशा पाहिजे. फिनलंडनं पन्नास वर्षांत कैद्यांचं प्रमाण लाखामागं दोनशेवरून साठाच्या आसपास आणलं, आणि गुन्ह्याचा आलेख शेजारच्या स्वीडन-नॉर्वेसारखाच राहिला, वेगळा काही भडका उडाला नाही.

बरं, आता घरची गोष्ट, आणि इथंच मला खरं बोलायचंय. २०२२ च्या सरकारी आकड्यात देशात ५,७३,२२० कैदी होते, जागा ४,३६,२६६. आणि त्यातले शंभरातले ७६ जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच नाही. तू मला विचारतोस शिक्षा पाहिजे का सुधारणा, आणि माझ्यापुढं चारातले तीन जण असे, ज्यांना कायद्यानं मी शिक्षाबी देऊ शकत नाही आणि सुधारायचंबी मला कारण नाही, कारण त्यांनी काही केलं हेच ठरलेलं नाही. जेलातले कारखाने, शेती, सुतारकाम, विणकाम, हे पक्क्या कैद्यांना. कच्चा कैदी सकाळी उठतो, मोजणी होते, तारखेला जायला गाडी आहे का विचारतो, पोलीस पार्टी नाही म्हणून गाडी नाही, परत बसतो. दिवसभर पत्ते, भांडणं आणि पुढच्या बराकीतल्या मोठ्या आरोपीची चाकरी. सगळ्यात बिघडवणारं जेल कोणतं म्हणशील तर हे.

एक ऊसतोड्या आठवतो. धारूरकडचा. मुकादमानं उचल दिली होती, फिटली नाही, फडावर भांडण झालं, कोयता लागला, तीनशे सातमधी, म्हणजे खुनाच्या प्रयत्नात, आत आला. जामीन तर मिळाला दोन महिन्यात. पण जामीनदार पाहिजे, सात-बारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. अडीच एकर कोरडवाहू भावाच्या नावावर आणि भाऊ गेलेला कर्नाटकात तोडीला. जामीन मिळूनबी तो माणूस पुढं एक वर्ष आत राहिला. शेवटी निर्दोष सुटला. त्या वर्षात त्याच्या चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून टाकलं घरच्यांनी, कोण सांभाळणार म्हणून. त्याला कडक जेल मिळालं का नरम? जेवण बरं होतं, मारलं कुणी नाही. हे कशात धरायचं सांग.

आता कायद्यानं बरंच केलंय, ते तुला अभ्यासालाबी लागेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं पहिल्यांदाच अडकलेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत राहिला की सोडायचा, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. बाकीच्यांना निम्मे दिवस. पण एकापेक्षा जास्त केसेस पेंडिंग असल्या की ते लागू नाही, आणि आपल्याकडं पारध्याच्या पोराला एकच केस असते का? एकात धरला की चार जुन्या डोक्यावर टाकतात. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची स्कीम आली २०२३ ला, सुरुवातीला कच्च्या कैद्याला ४० हजारापर्यंत आणि दंड भरायला २५ हजारापर्यंत अशी होती. हे किती जणांना माहितीये? गावात वकिलाला विचारलं तर वकिलालाच नाही माहिती. आणि न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली, पाच हजाराच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन गोंधळ, असल्या बारीक गुन्ह्यांना. चांगलं आहे, पण कुणी करून घ्यायची, किती तास, कोण सही देणार, हे जागेवर बसायला वेळ लागणार.

पारध्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, हे मी आधी कधी लिहिलं नव्हतं. नोकरी नवी होती, एका जेलात नवीन आलेल्या कैद्यांना काम वाटायचं होतं. जुना सुभेदार शेजारी उभा, आडनाव वाचायचा आणि म्हणायचा साहेब हा झाडूला, हा भट्टीला म्हणजे सैपाकाला, हा संडासाला. मी सह्या केल्या. दोन-तीन वर्षं केल्या. कुणी आदेश दिला नव्हता, 'असंच असतंय' हाच आदेश. ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता केसमधी सांगितलं की जातीवर काम वाटणं घटनेच्या विरोधात, आणि भटक्या-विमुक्तांना जन्मानंच सराईत समजायचे जे उल्लेख मॅन्युअलात होते तेबी काढा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, तो १९५२ ला गेला, मॅन्युअलातून जायला २०२४ उजाडलं. निकाल वाचला तेव्हा मला त्या सह्या आठवल्या. नॉर्वेचं जाऊ दे, हे तर फुकट होणारं काम होतं, ह्याला ना जागा लागत होती ना बजेट.

कुणी म्हणेल सुधारणा म्हणजे परदेशातली फॅशन. अरे, आपल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंधच्या राजानं १९३९ लाच खुनाच्या कैद्यांना उघड्यावर शेती करायला ठेवलं होतं, बायकापोरांसकट, तेव्हा हाल्डन तर कुणाच्या स्वप्नातबी नव्हतं. राजस्थानात सांगानेरला कैदी घरच्यांसोबत राहतात, सकाळी शहरात कामाला जातात आणि हजेरीला परत येतात. आणि आपल्या दाराशी पैठणचं खुलं कारागृह. तिथं वागणूक चांगली असलेले, काही वर्षं काढलेले पक्के कैदी जातात, शेती करतात, माफीचे दिवस जास्त मिळतात. उंच भिंतीचा कैदी आणि तिथला कैदी यांच्या चालण्यातच फरक दिसतो, खोटं वाटेल पण पायावरून कळतं. आतला माणूस वीस पावलांवर वळतो, बराकीची लांबी पायात बसलेली असते. पैठणला आल्यावर महिनाभर तो तसाच वळतो. मग एक दिवस सरळ जातो, बांधापर्यंत.

मग पळून जात नाहीत का? एखादा जातो. पण बाकीचे कशाला जातील, जायला आहे काय आणि गमवायला मात्र आहे. मला विचारशील तर आपल्याकडं पाहिजे ते हेच, नवीन मोठी जेलं बांधण्यापेक्षा खुल्या जागा वाढवणं. गार्ड कमी लागतात, धान्य-भाजीपाला तिथंच पिकतो, आणि माणूस सुटायच्या आधी पैसे मोजायला, एसटीत चढायला, सावकाश परत शिकतो.

कारण खरा घोळ गेटवर होतो. एक जण जन्मठेप काढून सुटला, सैपाकात सतरा वर्षं, पाचशे माणसांची भाजी एकटा अंदाजानं फोडणीला टाकायचा, कधी मीठ चुकलं नाही. सुटला तो संध्याकाळी, कागद उशिरा आले म्हणून. हातात मजुरीची थोडी रक्कम आणि एक पिशवी. एसटी स्टँडवर रात्र काढली, गावात गेला तर भावानं दार उघडलं नाही, ज्याला मारलं होतं तोबी भावकीतलाच ना. रेशन कार्डावर नाव नाही, आधारचा अंगठा लागेना, हॉटेलवाले विचारायचे इतकी वर्षं कुठं होतास. चार महिन्यांनी परत आला. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली म्हणून. खुनाचा माणूस आणि केबल! मी म्हणालो काय रे हे, तर म्हणाला साहेब, कुणीतरी नावानं हाक मारावी म्हणलं. त्याला कसली सुधारणा करायची होती, तो तर सुधरलेलाच होता, आत एक तक्रार नाही. राज्य सहकारी बँकेसोबत आपल्या खात्यानं २०२२ ला येरवड्यात जिव्हाळा म्हणून कर्जाची स्कीम काढली, कैद्याच्या मजुरीवर ५० हजारापर्यंत, ७ टक्क्यानं, घरच्यांच्या उपयोगाला. मला ते लई आवडलं, कारण आतला माणूस पोरीची फी भरतोय म्हणलं की घरचं दार उघडं राहतं. पैसा छोटा आहे पण दार उघडं राहणं छोटं नाही.

मग कडकपणाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण शिक्षेच्या लांबीत नाही. इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंतानं १७६४ ला लिहून ठेवलं, आणि नंतरच्या अभ्यासांत तेच तेच निघालं, की माणूस घाबरतो ते पकडले जाऊ याला, शिक्षा दहा वर्षं का वीस याला नाही. आपल्याकडं हे मी डोळ्यांनी बघितलंय. केस पंधरा वर्षं चालते, साक्षीदार फुटतो, पंच म्हणतो मी कोऱ्या कागदावर सही केली, आणि मग गाव म्हणतंय ह्याला फाशी द्या, एन्काउंटर करा. लोकांचा राग खरा आहे, पण तो आहे उशिराचा, निघतो जेलवर. ज्याचं माणूस गेलंय त्याला मी कधी सुधारणा शिकवायला गेलो नाही आणि जाणारबी नाही, त्याला आधी लवकर निकाल पाहिजे. आणि काही माणसं अशी असतात की ती आतच बरी, हेबी मान्य करतो, मी अशी पाच-सहा बघितलीत ३१ वर्षांत. पाच-सहा. हजारो बघितल्यात त्यातली. त्या पाच-सहांना बघून बाकीच्या हजारोंचे नियम ठरवतात, हे मला पटत नाही.

फॉर्मचं म्हणशील तर भर. पगार बरा, क्वार्टर मिळतं, पण दिवाळीला घरी नसशील हे बायकोला आधीच सांग. आणि आत गेल्यावर पहिल्या महिन्यात कच्च्या कैद्यांची यादी काढ, जामीन मंजूर होऊन कोण कोण आत बसलंय ते बघ, गरिबाला फुकट वकील देणाऱ्या विधी सेवावाल्यांना दर आठवड्याला फोन लाव, कुणी सांगितलं नसेल तरी. पैठण बघायचं असेल तर आधी वरच्या ऑफिसला परवानगीचा अर्ज लागतो, असाच गेटवर जाऊन उभा राहू नको, मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, आणि जमलं तर सकाळी लवकर जा, पाणी द्यायच्या वेळेला.